आधी मुलीची आई जाणार, मग आम्ही दोघे : तासगावहून जर्मनीला जाण्याविषयी सल्ला हवा आहे

द्राक्षवेल (धागाकर्ता)

नमस्कार. तासगाव तालुक्यातील एका गावात आमचे घर आणि दोन एकर द्राक्षबाग आहे. मी मेकॅनिकल डिप्लोमा झालेला असून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) विभागाचा सुपरवायझर आहे. पत्नी बी. एस्सी. नर्सिंग असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सहा वर्षांपासून नोकरी करते. दोघांचे मिळून महिन्याला ५२ हजार रुपये घरात येतात. मुलगी चार वर्षांची आहे. वडील ६२ वर्षांचे, आई ५७ वर्षांची, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा.

बागेवर घर चालत होते तोवर नोकरीकडे आम्ही वरकमाई म्हणून पाहत असू. आता ते उलटे झाले आहे. मागच्या पाच हंगामांपैकी दोन हंगामांत फळछाटणीनंतर नेमका पाऊस लागला, डावणी (द्राक्षावरील बुरशीचा रोग) आली आणि कोवळे घड डोळ्यांदेखत कुजले. एका हंगामात माल चांगला निघाला, बेदाणाही मनासारखा झाला, पण सौद्यात भाव असा निघाला की औषधांची उधारी भागवून हातात राहिले त्यात मुलीच्या शाळेची वर्षाची फीसुद्धा बसली नसती.

पत्नीने दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी सांभाळून जर्मन भाषेचा ऑनलाइन वर्ग लावला. बी-१ परीक्षा (भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी तिसरी) ती उत्तीर्ण झाली आहे आणि बी-२ साठी तिला पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जायचे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील एका रुग्णालयाने मुलाखत घेऊन तिला पसंत केले आहे. आता अडचण अशी की पहिल्या टप्प्यात तिला एकटीलाच जावे लागेल. तिकडे तिच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला कमी पगारावर सहायक म्हणून काम करायचे आहे. त्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा मिळणे कठीण, म्हणून मान्यता मिळाल्यानंतर मी आणि मुलगी जाणार. हा काळ कोणी आठ महिन्यांचा सांगतो, कोणी दीड वर्षाचा.

गावात ही गोष्ट फुटल्यापासून वडिलांना पारावर बसणे अवघड झाले आहे. ‘सून पैसे मिळवायला परदेशात आणि पोरगा घरात पोर सांभाळणार’ असे त्यांना तोंडावर ऐकवले जाते. वडील मला काही बोलत नाहीत, मात्र जेवायला आमच्याबरोबर बसत नाहीत. मला विचारायचे आहे ते इतकेच की, आई आधी गेली आणि बाप व मूल मागे राहिले, अशा घरांचा अनुभव कोणाला आहे काय? शिवाय सांगलीतील एक एजंट ‘सगळे करून देतो’ म्हणून चार लाख रुपये मागत आहे, त्याचे काय करावे?

विटेकर

आपल्या वडिलांना पारावर जे ऐकावे लागते त्याबद्दल मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण आमचे घर गलाईवाल्यांचे आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि आपला तासगाव या दुष्काळी पट्ट्यातील हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. केरळापासून पंजाबापर्यंत ज्या गावात सराफ कट्टा आहे तिथे विट्याकडचा माणूस सापडतो. माझे वडील १९७८ साली कोइमतूरला गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आई गावी राहिली, आणि नऊ वर्षांनी आम्ही तिकडे गेलो. त्या नऊ वर्षांत वडील जत्रेला आणि दिवाळीला येत. ते आले की मी आजीच्या मागे लपत असे, हे आजही घरात हसत हसत सांगितले जाते.

त्या नऊ वर्षांत पारावरच्या एकाही माणसाने माझ्या आजोबांना ‘पोराचा बाप परमुलखात आणि पोर आईच्या गळ्यात’ असे म्हटल्याचे मला माहीत नाही. उलट वडिलांनी पहिला बंगला बांधला तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला. म्हणजे गावाला लेकराच्या विरहाची चिंता कधीच नव्हती. जाणारा पुरुष आहे की बाई, एवढेच गाव पाहते. आपल्या वडिलांपर्यंत हे पोहोचवता आले तर पाहा.

आता दुसरी बाजूही सांगतो. तो बंगला आज बंद आहे. आमच्या गल्लीत अशी सात घरे आहेत, ज्यांच्या फाटकावर बारशी आणि लग्नापुरती कुलपे निघतात. माझी मुले तमिळ उत्तम बोलतात, पण मराठी त्यांना फोनवर आजीशी बोलण्यापुरतीच येते. विटा ते कोइमतूर एवढ्या अंतरात हे घडले, मग तुमच्या वाटेवर काय घडेल याचा विचार आजच करून ठेवा.

जमाखर्च

एजंटाविषयी आधी लिहितो, कारण तिथे घाई झाली तर पैसे बुडतात. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची भारत सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासता येतो. चार लाख मागणाऱ्याला त्याचा क्रमांक विचारा आणि पावती कशी देणार तेही विचारा, पुढचे आपोआप कळेल.

दुसरा मुद्दा शेतीचा. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पुढे तिकडचे नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) काढले तरी घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणून ‘तिकडे कमावून शेजारचा दीड एकर घेऊ’ असा काही बेत मनात असेल तर तो आताच सोडा किंवा वडिलांच्या नावावर होणार असेल तर तसे स्पष्ट ठरवा. देश सोडल्यानंतर बँकेचे साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे खाते) करून घ्यावे लागते, हे बहुतेक लोक वर्षानुवर्षे करीत नाहीत आणि नंतर हेलपाटे घालतात.

मिरजेची लेक

मी मिरजेतच जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून तिथेच सात वर्षे काम केले आणि २०१९ साली जर्मनीत आले. स्टुटगार्टपासून पाऊण तासाच्या अंतरावर एका मध्यम गावात आम्ही राहतो. मीही आधी एकटी आले होते. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि माझा एकटीचा काळ चौदा महिन्यांचा झाला. त्यामुळे आपल्या पत्नीला उद्देशून, पण आपणही वाचावे म्हणून, थोडे सविस्तर लिहिते.

कागदपत्रांपासून सुरुवात करते. पदवी, गुणपत्रके, विषयवार तासांचा तपशील, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाची प्रमाणपत्रे यांचे अधिकृत भाषांतर करून ते त्या त्या राज्याच्या मान्यता कार्यालयाकडे जाते. तिथून एक निर्णयपत्र येते. आपल्या शिक्षणात तिकडच्या मानाने कोणते विषय, किती तासांनी कमी पडतात ते त्यात लिहिलेले असते. ती कमतरता दोन मार्गांनी भरता येते: एकतर काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम, नाहीतर ज्ञानपरीक्षा, ज्यात तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णासमोर असे दोन भाग असतात. कोणता मार्ग घ्यायचा हे रुग्णालय सोयीने ठरवू पाहते, तरी आपले मत आधीच सांगावे. आपल्या पत्नीने अतिदक्षता विभागात काम केले आहे, अभ्यासाची सवय आहे, तर परीक्षेचा मार्ग लवकर सुटतो असे माझे मत आहे. मी अभ्यासक्रम घेतला आणि त्यातच माझे पाच महिने जास्तीचे गेले.

मार्च २०२४ पासून जर्मनीने एक नवी सोय केली आहे. मान्यतेची प्रक्रिया भारतात पूर्ण न करता, अगदी ए-२ एवढ्या भाषेवरही नोकरीच्या करारासह येता येते. एजंट हीच सोय दाखवून घाई करतात. माझे स्पष्ट सांगणे आहे की बी-२ झाल्याशिवाय विमानात बसू नये. ए-२ वर आलेल्या मुली माझ्या वॉर्डात आहेत. पाळी बदलताना सकाळची नर्स रुग्णाची माहिती भराभर सांगते, तीही श्वाबियन बोलीत, आणि या मुली मान डोलावतात. रात्री खोलीवर येऊन रडतात. इथे राहून भाषा शिकता येते, पण आठ तास उभे राहिल्यावर पुस्तक उघडण्याचे बळ उरत नाही, आणि जेवढा मान्यतेला उशीर तेवढे लेकरू दूर. म्हणजे भाषेचा प्रत्येक महिना तिने तासगावात मुलीजवळ राहून काढलेला बरा.

आता जे मला कोणी सांगितले नव्हते ते सांगते. मिरजेत मी सलाईन लावत होते, रक्त घेत होते, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळत होते. रुग्णाला अंघोळ घालणे, जेवू घालणे, कपडे बदलणे ही कामे नातेवाईक करीत किंवा वॉर्डातील मावशी करीत. इथे नातेवाईक भेटीच्या वेळेत फुले घेऊन येतात आणि निघून जातात. अंघोळ, तोंड धुणे, भरवणे, शौचाला नेणे हे सगळे नर्सचे मूळ काम मानले जाते, तर शिरेत सुई घालणे बहुतेक ठिकाणी डॉक्टरचे. पहिल्या आठवड्यात ९० किलो वजनाच्या आजोबांना कुशीवर वळवताना माझ्या मनात आले की, सात वर्षांचा अनुभव आणि पदविका घेऊन मी इथे मावशी झाले. हा अपमान नाही, हे समजायला मला वर्ष लागले. याच कामात रुग्णाची त्वचा, श्वास, गोंधळलेपणा हे सगळे कळते आणि इथली नर्स त्यावरून निर्णय घेते. पण आपल्या पत्नीला हे आधीच माहीत असावे. जमेल तर मिरजेतच चार दिवस मावशींच्या बरोबर तिने ही कामे स्वतः करून पाहावीत.

पैशांचे बोलू. मान्यता मिळाल्यावर सरकारी वेतनश्रेणीच्या रुग्णालयात सुरुवातीचा पगार कर आणि विम्यापूर्वी ३२०० ते ३५०० युरोंच्या दरम्यान असतो. नवरा कमावता नसेल आणि कराचा वर्ग त्याप्रमाणे घेतला तर हातात साधारण अडीच हजार येतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे म्हणून अडीच लाख मोजू नका, कारण खर्चही युरोतच होतो. आमच्या तीन खोल्यांच्या घराला हीटिंगसह १२५० युरो जातात. मुलासाठी सरकारकडून महिन्याला अडीचशेहून थोडे अधिक युरो मिळतात, शाळेला फी नाही, आणि सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार व मूल वेगळा हप्ता न भरता येतात. शिल्लक पडते ती दोघे कमावू लागल्यावर.

म्हणून आपल्याविषयी, दादा. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. आपण सीएनसी जाणता आणि हा प्रदेश मशीन टूल्सचा आहे, त्यामुळे काम आहे. मात्र ते भाषेशिवाय मिळत नाही. आपल्या डिप्लोमाची तुलना न्यूर्नबर्ग येथील उद्योग मंडळांच्या मान्यता संस्थेकडून करून घेता येते, तो अर्ज सांगलीतूनच करा. माझ्या पतींनी ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून एक अक्षर शिकले नाही. इथे आल्यावर पहिली दीड वर्षे ते घरात बसून होते, आणि आमच्या संसारातील सर्वांत वाईट काळ माझा एकटीचा नव्हता, तो हा दीड वर्षांचा होता. १९६० नंतर केरळमधून ज्या नर्सेस जर्मनीत आल्या त्यांचे पती मागून आले तेव्हा त्यांना कामाचा परवानाच नसे. त्या पिढीतील एक आजी आमच्या गावात आहेत. त्या म्हणाल्या, ‘आमच्या नवऱ्यांना कायद्याने घरी बसवले, तुझा आपण होऊन बसला आहे.’ हे वाक्य मी घरी जसेच्या तसे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात नाव घातले.

एजंटाबाबत ‘जमाखर्च’ यांनी लिहिले ते बरोबर आहे. जर्मनीत परदेशी नर्सची न्याय्य रीतीने भरती करणाऱ्या संस्थांना सरकारी गुणवत्ता चिन्ह दिले जाते आणि त्याची मुख्य अट अशी की भरतीचा खर्च नर्सने नव्हे, मालकाने करायचा. रुग्णालयाने तिला थेट पसंत केलेले असताना एजंट मधे कशाला? करारात ‘अमुक वर्षांआधी नोकरी सोडल्यास खर्च परत करावा लागेल’ असे कलम असते, त्यातील रक्कम आणि वर्षे सही करण्याआधी वाचा. मी वाचले नव्हते.

वारणामाई

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा मुद्दा कडू वाटेल. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून या शहराची ओळख दवाखान्यांचे गाव अशी झाली. सोलापूर, विजापूर, बेळगाव, पार कोकणातून रुग्ण इथे येतात. आज त्याच मिरजेत अनुभवी नर्स मिळत नाही म्हणून अतिदक्षता विभागातील खाटा रिकाम्या ठेवाव्या लागतात, हे मी रुग्णाची मुलगी म्हणून पाहिले आहे. इथल्या पैशाने, इथल्या रुग्णांवर शिकायचे आणि हात तयार झाले की परक्यांची सेवा करायची, याबद्दल कोणालाच काही वाटत नाही काय?

मिरजेची लेक

ताई, आपल्या घरी आजारपण झाले असल्यास त्याबद्दल वाईट वाटते. पण सात वर्षांच्या अनुभवानंतर मिरज सोडताना माझा पगार १६,५०० रुपये होता. त्या अतिदक्षता विभागातील एका खाटेचे एका दिवसाचे बिल त्याच्या निम्म्याहून अधिक होत असे. नर्स का मिळत नाही हा प्रश्न बिल देणाऱ्याने बिल घेणाऱ्याला विचारावा. नर्स किती दूर गेली, हा हिशेब नंतरचा.

शासनालाही हे ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका पहिल्या यादीत आहेत. जाण्याला पाप म्हणायचे असेल तर ते एकट्या नर्सच्या पदरात टाकू नका.

कृष्णाकाठ

मी निवृत्त शिक्षक आहे. हरिपुरात राहतो. मुलगा, सून आणि दोन नाती अकरा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात आहेत. इथे सर्वांनी जाणाऱ्यांची बाजू मांडली, मागे राहणाऱ्यांच्या वतीने मी लिहितो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. हरिपुरात कृष्णा आणि वारणा दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे आमच्याकडे पाणी दोन्ही अंगांनी चढते. २००५ सालचा पूर आम्ही पाहिला होता म्हणून ‘तेवढे येणार नाही’ या भरवशावर आम्ही वरच्या मजल्यावर थांबलो. वीज गेली, दुसऱ्या दिवशी फोन मेला. मुलगा तिकडून सांगलीतील जो नंबर त्याला आठवत होता तो लावत होता. आम्हाला होडीतून काढले ते शेजारच्या गल्लीतील दोन मुलांनी, ज्यांना मी शाळेत अभ्यास न केल्याबद्दल बाकावर उभे केले होते. मुलाने त्यानंतर पैसे पाठवले, घराची डागडुजी झाली, नवा फ्रीज आला. त्याने काही कमी केले असे मी म्हणणार नाही. पण व्हिडिओ कॉलवर रोज दिसतो म्हणून तो जवळ आहे, असे मला कोणी सांगू नये.

आपल्या आई-वडिलांना बाग आहे. बाग असलेला माणूस म्हातारा झाला तरी रिकामा बसत नाही, हे चांगले आहे आणि तेच धोक्याचेही आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फवारण्या, पुढे रॅकवरचा बेदाणा, हे सारे ६२ व्या वर्षी जमते, ७० व्या वर्षी जमत नाही, आणि मधल्या आठ वर्षांत ते तुम्हाला फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगतील. मी सांगत होतो. म्हणून निघण्याआधी बाग कोणाला वाट्याने द्यायची, कोणत्या वर्षी द्यायची, हे वडिलांच्या समोर बसून ठरवा. रात्री दोन वाजता दार वाजवता येईल अशा एका माणसाचे नाव ठरवा आणि त्या माणसाला तसे सांगा. ‘शेजारी आहेतच’ हे नाव नव्हे. मुखत्यारपत्र, बँकेतील वारसनोंद, सातबाऱ्यावरील नावे ही कामे काही आठवड्यांत होतात, लोक ती दहा वर्षे टाळतात.

आपल्या वडिलांचे जेवायला वेगळे बसणे पारावरच्या बोलण्यामुळे असेल असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. मुलगा आता घरात राहणार आणि सून जाणार, म्हणून लोक हसतात, हे खरे. पण वर्षभराने मुलगाही नातीला घेऊन जाणार, हे त्यांना कळते. ते आत्ताच एकटे जेवायची सवय करीत असतील.

द्राक्षवेल (धागाकर्ता)

कृष्णाकाठ काका, आपला प्रतिसाद मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला आणि काल रात्री वडिलांचे ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. फार काही बोललो नाही. बागेचा एक एकर या फळछाटणीपासून आमच्या चुलत्यांना वाट्याने द्यावा, एवढे मी म्हणालो. ते म्हणाले, ‘सोनाक्का देऊ नको, थॉमसनचा दे.’ (हे आमच्या बागेतले द्राक्षाचे दोन वाण.) याचा अर्थ ते तयार आहेत असा मी घेतला आहे, चुकत असेन तर काळच सांगेल.

एजंटाला नोंदणी क्रमांक विचारला. त्याने ‘माझे काम विश्वासावर चालते’ असे उत्तर दिले. तो विषय संपला.

मी स्वतः ए-१ च्या वर्गात नाव घातले आहे. सकाळी सहाला वर्ग असतो, सातला मी कुपवाडची वाट धरतो. मिरजेच्या ताईंनी त्या केरळच्या आजींचे वाक्य लिहिले नसते तर मी कदाचित ‘बघू’ असेच म्हणालो असतो.

एक प्रश्न राहतो. आई-वडिलांना पुढे तिकडे नेता येते काय? काही जण म्हणतात आता कायदा बदलला आहे.

मिरजेची लेक

बदलला आहे हे खरे. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून प्रथमच निवासी परवाना मिळतो त्यांना आपल्या आई-वडिलांना, आणि जोडीदारही इथे असेल तर सासू-सासऱ्यांना, बोलावता येते. पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा आपण दाखवावा लागतो, आणि ५५ वर्षांवरील नव्या माणसाला सार्वजनिक विम्यात साधारणतः प्रवेश मिळत नाही. खासगी विमा मिळाला तर त्याचा हप्ता एका पगाराचा मोठा भाग खातो. म्हणून कायद्यात दार आहे, पण आपल्या घरासाठी ते उघडेल असे धरून चालू नका. उन्हाळ्यात तीन महिने भेटीच्या व्हिसावर या, असे म्हणणे खरे आणि शक्य आहे. माझे सासरे दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी सामानात चार किलो भडंग होते, त्यातले अर्धे शेजारच्या जर्मन आजींनी संपवले.

द्राक्षवेल (धागाकर्त्याच्या खात्यावरून)

नमस्कार. मी त्यांची पत्नी लिहिते आहे. धागा त्यांनी काढला, पण आधी जायचे आहे मला, म्हणून एकदा मीही लिहावे असे वाटले.

वारणामाई ताई, तुमचे बोलणे मला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. माझ्या पाळीत आठ रुग्णांना आम्ही दोघी असतो. मी गेल्यावर एक उरेल. मला त्याची लाज वाटते, पण त्या लाजेवर मुलीची दहा वर्षे काढावीत एवढे बळ माझ्यात नाही. विटेकर काका, तुमच्या आईंनी नऊ वर्षे काढली, त्या कशा राहिल्या हे कोणी त्यांना विचारले होते काय, असे वाचताना सारखे मनात येत होते.

मिरजेच्या ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वॉर्डातील मावशींबरोबर दोन दिवस काम केले. पहिल्या दिवशी मावशी संकोचल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चादर एकटीने कशी बदलायची ते शिकवले. हे मला सहा वर्षांत येत नव्हते.

भाषा, कागद, पैसे यांचे आता कळले आहे. मला तुम्हाला एकच विचारायचे आहे. तुमचा मुलगा पाच वर्षांचा होता, माझी मुलगी चार वर्षांची आहे. तुम्ही त्याला कसे सांगितले, आणि आज पुन्हा सांगायचे झाले तर काय वेगळे कराल?

मिरजेची लेक

ताई, मी त्याला सांगितलेच नाही. तो झोपेत असताना मी मिरज स्टेशनवरून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले, कारण घरच्या सगळ्यांनी तेच बरे म्हटले. सकाळी उठून त्याने मला घरभर शोधले आणि पुढे चार महिने फोन दिला की तो तोंड फिरवत असे. इथे आल्यानंतरही कित्येक महिने मी पाळीवर निघाले की तो दारात बूट घालून बसायचा.

तुम्ही दिवसा निघा. तिला स्टेशनवर घेऊन या, रडली तर रडू द्या. त्याआधी दोन महिने तिला आजीजवळ झोपायची सवय लावा, आणि वेणी घालायला तिच्या बाबांना शिकवा. सकाळची वेणी हा मुलींच्या घरात मोठा प्रश्न असतो. बी-२ ची तारीख मिळाली की इथे कळवा, बोलण्याच्या परीक्षेची तयारी मी रविवारी फोनवर करून घेईन.